गृहकर्जासाठी वर्षातला एक दिवस द्या : अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळांच्या वर्षभराच्या कार्यक्रमांत गणेशोत्सव, दिवाळी, संक्रांत, नाटके आणि मराठी शाळा असते, आणि आयकराचे विवरणपत्र कसे भरावे यावर एखादे व्याख्यानही होते. या यादीत एका विषयाची कायमची भर घालावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तो विषय गृहकर्जाचा. घरखरेदीचा हंगाम वसंत ऋतूत जोर धरतो, म्हणून त्याआधी, फेब्रुवारीच्या सुमारास, प्रत्येक मंडळाने एक पूर्ण दिवस या विषयासाठी ठेवावा, आणि त्या दिवसाला कोणत्याही कर्जसंस्थेचे, दलालाचे किंवा बांधकाम कंपनीचे प्रायोजकत्व नसावे, ही माझी विनंती आहे.

ही विनंती माझ्या अनुभवातून आली आहे, म्हणून तो आधी सांगते. आम्ही २०१४ मध्ये पहिले घर घेतले. एका कार्यक्रमात ओळख झालेल्या कर्ज अधिकाऱ्याने आम्हाला एफएचए कर्ज सुचवले, म्हणजे ते बुडाल्यास कर्ज देणाऱ्याला भरपाई मिळावी असा केंद्र सरकारच्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनचा विमा असलेले कर्ज. "साडेतीन टक्के भरा, कागदपत्रे सोपी, व्याजदरही कमी," असे तो म्हणाला, आणि त्यातले काहीही खोटे नव्हते. आमचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून ठरणारा गुणांक, उत्तम होता, घराच्या किमतीच्या पाच टक्के भरण्याइतकी शिल्लकही होती, पण दुसरा पर्याय आहे हे आम्हाला कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. कर्ज सुमारे २ लाख ४० हजार डॉलरचे होते. त्या वेळच्या नियमाप्रमाणे वार्षिक विमा हप्ता १.३५ टक्के होता, म्हणजे सुरुवातीला महिन्याला जवळजवळ २७० डॉलर. घरातली आमची मालकी वीस टक्क्यांवर गेली की हा हप्ता आपोआप थांबेल, अशी माझी पक्की समजूत होती. २०२१ मध्ये रिफायनान्स करताना, म्हणजे नवे कर्ज घेऊन जुने फेडताना, दुसऱ्या एका कर्जसंस्थेतल्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितले की आमच्या कर्जावरचा हा विमा कर्ज फिटेपर्यंत चालणारा आहे. तोवर आम्ही २१ हजार डॉलरच्या आसपास भरले होते, शिवाय सुरुवातीलाच मुद्दलात मिळवलेले १.७५ टक्के वेगळे. ज्या गैरसमजुतीची ही किंमत होती, ती अर्ध्या तासात दूर झाली असती.

आपल्या मंडळींच्या गप्पांत "कन्व्हेन्शनल" हा शब्द सर्रास येतो, पण त्याचा नेमका अर्थ फार थोड्यांना सांगता येतो. ज्या गृहकर्जाला केंद्र सरकारच्या कोणत्याही खात्याचा विमा किंवा हमी नाही, ते कन्व्हेन्शनल कर्ज. एफएचएचा विमा असलेले, माजी सैनिकांच्या व्हीए खात्याची हमी असलेले आणि कृषी खात्याच्या म्हणजे यूएसडीएच्या योजनेतले कर्ज हे या व्याख्येबाहेरचे तीन मोठे पर्याय. कन्व्हेन्शनल कर्जातही दोन भाग पडतात. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन संस्थांच्या निकषांत आणि रकमेच्या मर्यादेत बसणाऱ्या कर्जाला कन्फॉर्मिंग म्हणतात, आणि त्या मर्यादेपलीकडच्या कर्जाला जम्बो. ही मर्यादा दरवर्षी नव्याने ठरते. २०२५ साठी एका कुटुंबाच्या घराकरिता ती देशाच्या बहुतेक भागांत ८,०६,५०० डॉलर होती आणि महागड्या परगण्यांत जास्तीत जास्त १२,०९,७५० डॉलर. आपली बरीच वस्ती ज्या कॅलिफोर्नियातल्या सॅन्टा क्लारा किंवा न्यू जर्सीतल्या मिडलसेक्ससारख्या परगण्यांत आहे, तेथे ही वरची मर्यादा लागू होते, त्यामुळे "आमचे कर्ज जम्बोच असणार" असे गृहीत धरण्यापूर्वी आपल्या परगण्याचा आकडा पाहावा.

फॅनी मे आणि फ्रेडी मॅक स्वतः कुणाला कर्ज देत नाहीत. बँका आणि कर्जसंस्थांनी दिलेली कर्जे त्या विकत घेतात आणि त्यांचे रोखे करून गुंतवणूकदारांना विकतात. तीस वर्षे न बदलणारा व्याजदर सामान्य माणसाला मिळतो, तो बऱ्याच अंशी या व्यवस्थेमुळे. भारतात गृहकर्ज घेतलेल्यांना हे विशेष जाणवते, कारण तिकडे दर बदलला की हप्ता किंवा मुदत बदलण्याची सवय असते. अमेरिकेतही पूर्वी असे सुख नव्हते. १९२० च्या दशकात पाच-दहा वर्षांच्या मुदतीचे कर्ज, जवळजवळ निम्मी रक्कम पदरची आणि मुदतीअखेर उरलेले सगळे मुद्दल एकदम, असा रिवाज होता. महामंदीत बँकांनी ही कर्जे पुढे चालू ठेवायला नकार दिला आणि लाखो घरे गेली. त्यानंतर १९३४ मध्ये एफएचए, १९३८ मध्ये फॅनी मे आणि १९७० मध्ये फ्रेडी मॅक अशी ही रचना उभी राहिली. २००८ च्या सप्टेंबरात फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन्ही संस्था सरकारी देखरेखीखाली गेल्या. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की प्रत्येक पर्याय कुणाच्या तरी विशिष्ट अडचणीसाठी निर्माण झाला आहे, आणि ती अडचण आपली आहे का, हा पहिला प्रश्न असायला हवा.

आता विम्याकडे वळते, कारण आपल्या कुटुंबांचे सर्वांत जास्त पैसे येथेच नकळत जातात. कन्व्हेन्शनल कर्जात घराच्या किमतीच्या वीस टक्क्यांहून कमी रक्कम भरली तर सहसा खासगी विमा, म्हणजे पीएमआय, लागतो. हा विमा आपले नव्हे, कर्ज देणाऱ्याचे रक्षण करतो, आणि हप्ता मात्र आपण भरतो. १९९८ च्या होमओनर्स प्रोटेक्शन ॲक्टने त्याला शेवट घालून दिला आहे. मुद्दल घराच्या मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आले आणि आपले हप्ते वेळेवर असले, की आपण लेखी मागणी करून तो बंद करायला सांगू शकतो, आणि परतफेडीच्या वेळापत्रकाप्रमाणे ते ७८ टक्क्यांवर आले की कर्जसंस्थेला तो आपणहून बंद करावा लागतो. उदाहरण घेऊ. ४ लाख डॉलरचे घर, पाच टक्के पदरचे, ३ लाख ८० हजारांचे कर्ज, साडेसहा टक्के दर, तीस वर्षे. नियमित हप्त्यांनी मुद्दल ८० टक्क्यांवर यायला सव्वादहा वर्षे लागतात आणि ७८ टक्क्यांवर यायला सव्वाअकरा. म्हणजे केवळ मागणीचे एक पत्र लिहायला विसरल्यामुळे एका वर्षाचा हप्ता फुकट जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घराची किंमत वाढली असेल तर एवढी वाट पाहावीच लागते असे नाही. फॅनी मेच्या नियमांप्रमाणे कर्जाला दोन वर्षे झाल्यावर, आजच्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या आत मुद्दल असल्यास, किंवा पाच वर्षांनंतर ८० टक्क्यांच्या आत असल्यास, नवे मूल्यांकन करून विमा काढून टाकण्याची मागणी करता येते. आपल्यापैकी किती जणांनी ही मागणी केली आहे, हे कार्यक्रमात हात वर करायला सांगून विचारून पाहावे.

मात्र हे सर्व हप्त्याने भरल्या जाणाऱ्या पीएमआयला लागू आहे. "तुमचा विमा आम्ही भरतो" असे सांगून कर्जसंस्था किंचित जास्त व्याजदर लावते, तेव्हा तो जास्तीचा दर रिफायनान्स करेपर्यंत किंवा घर विकेपर्यंत चिकटून राहतो. ते वाक्य ऐकायला फार गोड असते, म्हणून मुद्दाम नोंदवते.

एफएचएमध्ये गणित वेगळे आहे. त्याच ४ लाखांच्या घरासाठी साडेतीन टक्के, म्हणजे १४ हजार भरून ३ लाख ८६ हजारांचे कर्ज घेतले, तर १.७५ टक्क्यांप्रमाणे ६,७५५ डॉलर सुरुवातीलाच द्यावे लागतात. ते बहुधा मुद्दलात मिळवले जातात आणि त्यावर तीस वर्षे व्याज चढते. त्याखेरीज सध्याच्या ०.५५ टक्के दराने पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे १७७ डॉलरचा विमा असतो. दहा टक्क्यांहून कमी रक्कम भरली असेल तर तो कर्ज असेपर्यंत चालतो, आणि दहा किंवा अधिक टक्के भरले असतील तर अकरा वर्षे. घराची किंमत दुप्पट झाली तरी यात फरक पडत नाही. तरीही एफएचए वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांचा क्रेडिट स्कोअर सहाशेच्या घरात आहे, ज्यांचे एखादे मोठे आर्थिक संकट नुकतेच सरले आहे, त्यांना कन्व्हेन्शनलमध्ये व्याज आणि पीएमआय दोन्ही महाग पडतात, कारण तेथे सगळा भाव स्कोअर आणि भरलेल्या रकमेवर ठरतो. एफएचएचा विमा मात्र स्कोअर पाहून बदलत नाही. स्कोअर ५८० असला तरी साडेतीन टक्क्यांत ते कर्ज मिळू शकते. ज्यांचा स्कोअर साडेसातशेच्या आसपास आहे, त्यांनी ते का घ्यावे याचे उत्तर मात्र त्यांना कर्ज देणाऱ्याकडून लेखी आकड्यांत मिळायला हवे.

येथे एक नवी गोष्ट प्रत्येक मंडळाने आपल्या सभासदांना कळवायलाच हवी. २५ मे २०२५ पासून, कायमचे वास्तव्य नसलेल्या परदेशी नागरिकांना नवे एफएचए कर्ज मिळणे बंद झाले आहे. याचा सरळ अर्थ असा की एच-वन-बी किंवा एल-वन व्हिसावर असलेल्या आणि ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे थांबलेल्या आपल्या कुटुंबांसाठी हा मार्ग उरलेला नाही. जुन्या सभासदांचा २०१८ चा किंवा २०२२ चा सल्ला त्यांना आता लागू होत नाही. फॅनी मे मात्र कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिकांची कर्जे अमेरिकी नागरिकांच्याच अटींवर विकत घेते. एखादी कर्जसंस्था स्वतःच्या धोरणाने व्हिसाची अमुक इतकी मुदत शिल्लक हवी असे म्हणू शकते, पण तो त्या संस्थेचा नियम असतो, साऱ्या बाजाराचा नव्हे. एकीने नकार दिला म्हणून खचून जाऊन जास्त दराचे कर्ज पत्करणे चूक आहे, आणि अशी चूक झालेली कुटुंबे माझ्या परिचयात आहेत.

वीस टक्क्यांचा आग्रह आपल्या समाजात फार खोल रुजला आहे. कर्ज कमी असावे हा संस्कार चांगला आहे, आणि तो मी मोडीत काढू इच्छित नाही. परंतु वीस टक्के जमवण्यासाठी भविष्यनिर्वाह निधी मोडणे, गावाकडची जमीन घाईने विकणे, निवृत्तीच्या खात्यातून कर्ज काढणे आणि शेवटी हातात दोन महिन्यांचाही खर्च न उरणे, हे मी अनेकदा पाहिले आहे. कन्व्हेन्शनल कर्ज पहिल्यांदा घर घेणाऱ्याला तीन टक्के भरूनही मिळू शकते. उत्तम स्कोअर असलेल्या माणसाला पाच किंवा दहा टक्क्यांवर लागणारा पीएमआय बऱ्याचदा सोसण्यासारखा असतो, आणि तो संपणारा असतो. व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर नवी शोधायला सहसा फार तर साठ दिवस मिळतात. अशा कुटुंबाजवळ सहा महिन्यांचे हप्ते रोख असणे हे पीएमआय वाचवण्यापेक्षा मोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आईवडील भारतातून पैसे पाठवतात, त्याबद्दलही नीट माहिती द्यायला हवी, कारण येथे प्रेमापोटी केलेली मदत कागदांअभावी ऐनवेळी अडते. कर्जसंस्था सामान्यतः दोन महिन्यांचे बँकेचे उतारे तपासते आणि मोठी जमा कुठून आली ते विचारते. भेटीच्या रकमेसोबत, ती परत करायची नाही असे सांगणारे सहीचे पत्र लागते, आणि पैसे डॉलरमध्ये रूपांतरित होऊन येथील खात्यात आल्याचा पुरावा लागतो. भारतातून निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. एप्रिल २०२५ पासून अशा भेटीच्या १० लाख रुपयांवरील भागावर तिकडे २० टक्के कर आगाऊ कापला जातो, जो नंतर विवरणपत्रात समायोजित होतो. इकडे, परदेशातील व्यक्तीकडून वर्षात एक लाख डॉलरहून अधिक भेट मिळाली तर फॉर्म ३५२० भरावा लागतो. त्यावर कर नाही, पण तो न भरल्यास रकमेच्या पाच टक्के दरमहा, जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या अंतिम सह्यांच्या, आठवड्यात धावपळ करण्याऐवजी हे तीन-चार महिने आधी मार्गी लावावे.

व्याजदराच्या निवडीबद्दल आपल्याकडे चर्चा भरपूर होते, पण ती बहुधा "तुला किती मिळाला?" या एकाच प्रश्नाभोवती फिरते. या प्रश्नाला एकट्याने फारसा अर्थ नाही, कारण दर पॉइंट देऊन खाली आणता येतो. एक पॉइंट म्हणजे कर्जाचा एक टक्का. समजा ४ लाखांच्या कर्जावर ४ हजार डॉलर भरून दर साडेसहावरून सव्वासहा झाला, तर महिन्याचा हप्ता २,५२८ वरून २,४६३ वर येतो, म्हणजे ६५ डॉलर वाचतात. ते ४ हजार वसूल व्हायला पाच वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. त्याआधी घर विकले किंवा रिफायनान्स केले तर तो तोटाच. ज्याने मित्राला "मला सव्वासहा मिळाला" असे सांगितले, त्याने हे ४ हजार सांगितलेले नसतात.

याच कर्जाच्या पहिल्या हप्त्यातील २,१६७ डॉलर व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम ३६२ डॉलरने कमी होते. तीस वर्षांत ५ लाख १० हजार डॉलर व्याज भरले जाते. पंधरा वर्षांचे कर्ज सहा टक्क्यांनी घेतले तर हप्ता ३,३७५ डॉलर होतो आणि एकूण व्याज २ लाख ८ हजारांच्या आत राहते. हे आकडे पाहिले की पंधरा वर्षांचा मोह होतो, आणि स्थिर नोकरी व ग्रीन कार्ड असलेल्यांना मी तो जरूर सुचवेन. इतरांनी तीस वर्षांचे घेऊन जमेल तेव्हा जास्त भरावे. कन्फॉर्मिंग कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड सहसा नसतो, आणि दरमहा २०० डॉलर जास्त भरले तरी साडेपाच वर्षे कमी होतात. मोठा बोनस मुद्दलात भरून उरलेल्या रकमेवर हप्ता नव्याने ठरवून घेण्याची सोय, ज्याला रिकास्ट म्हणतात, ती कन्व्हेन्शनलमध्ये बहुतेक ठिकाणी अल्प शुल्कात मिळते आणि सरकारी हमीच्या कर्जांत सामान्यतः मिळत नाही. ही सोय आपल्या बचतीच्या वळणाला अगदी जुळणारी आहे, तरी तिच्याबद्दल कुणी बोलताना आढळत नाही.

बदलत्या दराचे कर्ज, म्हणजे एआरएम, हेही सरसकट टाळण्याजोगे नाही. पाच वर्षे स्थिर आणि मग दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या कर्जात बहुधा अशी वेसण असते की पहिला बदल दोन टक्क्यांहून, नंतरचा प्रत्येक एका टक्क्याहून आणि एकूण वाढ पाच टक्क्यांहून जास्त होणार नाही. चार वर्षांत दुसऱ्या राज्यात जायचे नक्की असलेल्याला ते परवडेल. "दर उतरले की रिफायनान्स करू" एवढ्या भरवशावर ते घेणाऱ्याने मात्र हे आठवावे की तीस वर्षांचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९ टक्के. बाजार आपल्या सोयीने चालत नाही.

नव्या वसाहतीत घर घेणाऱ्यांना बांधकाम कंपनीची स्वतःची कर्जसंस्था भरघोस सवलती देऊ करते. ती सवलत खरी असू शकते, पण ती कुठून वसूल होते हे दुसऱ्या संस्थेचा देकार शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दोन वर्षांसाठी व्याजदर अनुक्रमे दोन आणि एक टक्क्याने कमी दाखवणाऱ्या योजनेत तिसऱ्या वर्षीचा हप्ता आजच पाहावा. नव्या घराचा मालमत्ता कर सुरुवातीला कित्येकदा फक्त जमिनीवर आकारलेला असतो आणि पुढच्या आकारणीनंतर तो एकदम वाढतो. त्यामुळे स्थिर दराच्या कर्जाचाही मासिक भरणा एस्क्रोच्या, म्हणजे कर आणि घराचा विमा यांसाठी हप्त्यासोबत जमा होणाऱ्या रकमेच्या, वाटेने शेकडो डॉलरनी वाढू शकतो. "आमचा दर तर फिक्स्ड होता" असे म्हणत घाबरून फोन करणाऱ्या तरुण जोडप्यांचे मला वाईट वाटते, कारण त्यांना हे आधी कळायला हवे होते.

व्हीए आणि यूएसडीए यांचा उल्लेख थोडक्यात करते. आपली मुले आता अमेरिकी सैन्यात जाऊ लागली आहेत. १९४४ च्या कायद्यातून आलेले व्हीए कर्ज त्यांना घराच्या किमतीचा एक पैसाही सुरुवातीला न भरता आणि मासिक विम्याशिवाय मिळू शकते, आणि पात्रता असेल तर ते बहुतेक वेळा सर्वांत उत्तम ठरते. यूएसडीएची योजना ग्रामीण भागासाठी आणि उत्पन्नाच्या मर्यादेत आहे, परंतु शहरापासून बऱ्यापैकी लांबच्या अनेक गावांचा तीत समावेश होतो. या दोन्ही कर्जांना आणि एफएचएला एक गुण आहे, जो कन्व्हेन्शनलच्या स्थिर दराच्या कर्जात सहसा नसतो: घर विकताना जुने कर्ज, जुन्या दरासह, अटी पूर्ण करणाऱ्या खरेदीदाराकडे सोपवता येते. तीन टक्क्यांचे कर्ज असलेले घर सात टक्क्यांच्या काळात विकायला निघाले की हा गुण किती मोठा आहे ते समजते.

विक्रेत्यालाच हप्ते देत राहायचे आणि मालकी शेवटचा हप्ता फिटल्यावर मिळवायची, असे करारही काही ठिकाणी सुचवले जातात. ज्यांची क्रेडिटची नोंद अजून तयार झालेली नाही, त्यांना ते आकर्षक वाटतात. घराची मालकी विक्रेत्याकडेच राहत असल्यामुळे हप्ते चुकले तर भरलेले सगळे हातचे जाण्याचा धोका असतो, म्हणून स्वतंत्र वकिलाने वाचल्याशिवाय असा करार कुणीही करू नये. व्याज धर्माला मान्य नसलेल्या मराठी मुस्लिम कुटुंबांसाठी भागीदारीच्या तत्त्वावरची व्यवस्था अमेरिकेत उपलब्ध आहे. तीत संस्था आणि कुटुंब मिळून घर घेतात, आणि कुटुंब संस्थेचा हिस्सा हळूहळू विकत घेत, उरलेल्या हिश्श्याच्या वापराचे शुल्क देते. मंडळाच्या दिवसात या पर्यायालाही सन्मानाने जागा असावी. आणि दोन-तीन वर्षांत गाव सोडावे लागण्याची शक्यता असेल तर भाड्याने राहणे हाही पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असू शकतो. खरेदीविक्रीचा खर्च एवढ्या थोड्या काळात क्वचितच भरून निघतो.

आता त्या दिवसाचे स्वरूप कसे असावे, ते सांगते. भाषणे कमी असावीत. सरकारने प्रमाणित केलेला तीन पानांचा लोन एस्टिमेट हा कागद प्रत्येकाच्या हातात द्यावा. ऑक्टोबर २०१५ पासून, अर्ज केल्यावर तीन कामकाजी दिवसांत तो देणे प्रत्येक कर्जसंस्थेला बंधनकारक आहे, आणि सर्वांचा नमुना एकच असल्यामुळे दोन संस्थांचे देकार ओळीने ताडून पाहता येतात. दुसऱ्या पानावर कर्जसंस्थेचे स्वतःचे शुल्क आणि आपल्याला बाहेरून निवडता येणाऱ्या सेवा वेगवेगळ्या दाखवलेल्या असतात. तिसऱ्या पानावर पाच वर्षांत आपण एकूण किती भरू आणि त्यातले मुद्दल किती फिटेल, हे दोन आकडे असतात. माझ्या मते साऱ्या कागदातले हे सर्वांत उपयोगी आकडे, आणि ते न पाहता सह्या होतात. पंचेचाळीस दिवसांच्या आत तीन-चार संस्थांनी आपला क्रेडिट तपासला तरी तो एकदाच तपासल्यासारखा धरला जातो, हेही तेथे सांगावे, कारण स्कोअर पडेल या भीतीने लोक पहिल्याच दारात थांबतात.

मार्गदर्शनासाठी गृहनिर्माण खात्याची, म्हणजे हडची, मान्यता असलेले समुपदेशक बोलवावेत. ते विनामूल्य किंवा अल्प शुल्कात उपलब्ध असतात आणि त्यांना कुणाचे कर्ज विकायचे नसते. आपल्या समाजातील कर्ज अधिकारी आणि दलाल यांच्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. त्यातले कित्येक सचोटीने काम करतात आणि मंडळांना उदार हस्ते मदत करतात. त्यांचे स्टॉल गणेशोत्सवात अवश्य असावेत. पण ज्याच्या देणगीवर सभागृहाचे भाडे भागते, त्याच्यासमोर "तुमच्यापेक्षा स्वस्त कर्ज कुठे मिळेल?" असे विचारायला नवखे जोडपे संकोचते, आणि हा संकोच दूर करणे कार्यकारिणीच्याच हाती आहे. गृहकर्जाच्या व्यवहारात ग्राहक पाठवल्याबद्दल मोबदला घेण्यास १९७४ च्या रेस्पा कायद्याने मनाई आहे. आपली मंडळे असे काही करत आहेत असे मी सुचवत नाही. तरीही प्रायोजकांशी होणारे करार या दृष्टीने एकदा वकिलाकडून तपासून घ्यावेत.

पहिल्या कार्यक्रमासाठी माझी २०१४ ची आणि २०२१ ची दोन्ही कर्जांची कागदपत्रे, नावे व खाते क्रमांक झाकून, मी देण्यास तयार आहे. दोन्ही शेजारी मांडून कोणत्या ओळीत काय चुकले ते मी स्वतः उभी राहून दाखवीन. आणखी चार-पाच कुटुंबांनीही तशीच तयारी दाखवली आहे. फेब्रुवारीतल्या एखाद्या शनिवारचे सभागृह आणि आपली अनुमती, एवढेच आम्हाला हवे आहे. कृपया पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि निर्णय सभासदांना कळवावा.

आपली नम्र,
आपल्यापैकीच एका मंडळाची जुनी सभासद